कंदीलवाला डावीकडे वळतो

१

जीवन होलेला दुपार आवडायची. सकाळचं कॉलेज आटोपून तो साईनगरातल्या घरी यायचा, जेवायचा, वडिलांना औषध द्यायचा, कूलरमध्ये पाणी भरायचा आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचा. बाहेर एप्रिलचं ऊन अंगणातल्या फरशीवर नुसतं पडून असायचं. अमरावतीत त्या वेळी कुत्रंसुद्धा भुंकत नाही.

बायको मंजुषा सहकारी बँकेतून संध्याकाळी यायची. मुलगी पुण्याला शिकत होती. भगवंतरावांचं, म्हणजे जीवनच्या वडिलांचं, सकाळचं सगळं कामाला ठेवलेल्या माणिकबाई करून जायच्या. वरूडला संत्र्याच्या बागा सांभाळण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या भगवंतरावांचं उजवं अंग हिवाळ्यात लुळं पडलं होतं. जीभ तेवढी शाबूत होती. दुपारची जबाबदारी जीवननं आपणहून घेतली होती. "दुपारी मी असतोच घरी," असं तो सगळ्यांना सांगायचा. ते खोटं नव्हतं. तो घरात असायचा.

मागच्या खोलीत त्याचा जुना पेटीसारखा जाडजूड टीव्ही होता, त्याला जोडलेला लहानपणीचा व्हिडिओ गेम होता आणि खोकंभर कॅसेटी होत्या. 'जुनी कॅसेट' नावाचं त्याचं इंटरनेटवर एक चॅनेल होतं. जुने उड्यांचे खेळ तो पुन्हा खेळायचा आणि खेळता खेळता त्यांच्याबद्दलची आपली मतं सांगायचा. ऐकणारी माणसं फार नव्हती, पण होती ती जिवाभावाची होती. घरात वऱ्हाडी बोलणारा जीवन माइकसमोर मात्र अगदी स्वच्छ पुस्तकी बोलायचा.

"लोक म्हणतात, जुने खेळ आठवणींसाठी खेळायचे," तो सांगायचा. "मला नाही पटत. नवे खेळ फार लाडावतात. उडी थोडी कमी पडली तर तेच तुम्हाला हात देऊन वर ओढतात. जुन्या खेळात तुम्ही एक तर विटेवर असता, नाही तर विहिरीत. म्हणून वीस-पंचवीस वर्षांनी तो पुन्हा खेळताना आपण किती बदललो ते कळतं. खेळ बदललेला नसतो."

त्याचा सगळ्यात लाडका खेळ 'कंदीलवाला'. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. कॅसेटवर जपानी अक्षरं होती, म्हणून वरूडच्या पोरांनी ठेवलेलं नाव कायम झालं. हातात कंदील घेतलेला एक बोटभर माणूस डावीकडून उजवीकडे चालत राहायचा. वाटेत विहिरी, पडक्या भिंती, उडती वटवाघळं. मागे फिरायची सोय नव्हती. एकदा पडद्याआड गेलेला रस्ता गेला तो गेलाच.

आणि जीवनचा एक नियम होता. खेळ सुरू केला की शेवटपर्यंत थांबायचं नाही. थांबवायचं बटण अंगठ्याखालीच असायचं, पण ते दाबणं त्याला कमीपणाचं वाटायचं. हा नियम त्याला कुणी घालून दिला नव्हता.

टीव्हीच्या डाव्या अंगाची भिंत वडिलांच्या खोलीची होती. पलीकडे अगदी भिंतीला लागून त्यांचा पलंग. खेळ ऐन रंगात आला की तिथून आवाज यायचा.

"जीवन... ए जीवन... पानी दे रे बापा."

"आलो बाबा," तो माइकवर हात ठेवून म्हणायचा, आणि पुढची विहीर ओलांडायचा. मग त्याच्या पुढची. संध्याकाळी चित्रफीत तयार करताना वडिलांच्या हाका तो एकेक करून काढून टाकायचा. ते काम त्याला चांगलं जमायला लागलं होतं.

२

त्या दिवशी तो तिसऱ्या टप्प्यात होता. जोडविहिरींच्या अलीकडे कंदीलवाला थांबला.

जीवनचं बोट उजव्या बटणावर होतं. तरी तो थांबला, डावीकडे वळला आणि तसाच उभा राहिला. वटवाघूळ आलं, धडकलं आणि एक जीव गेला.

"जीवन..." पलीकडून हाक आली.

खेळाच्या रिमोटचं, हातातल्या बटणांच्या डबीचं, रबर झिजलं असेल, असं त्याला वाटलं. वाटण्यासारखंच होतं, यंत्र तीस वर्षांचं होतं. त्यानं रिमोट खोलला, स्पिरिट लावून आतले पत्रे पुसले, पुन्हा जोडला. दुसऱ्या दिवशी खेळ सुतासारखा सरळ चालला. चौथ्या टप्प्यात पडकी भिंत आली, आणि तिच्यावर चढल्यावर कंदीलवाल्यानं पुन्हा पाय रोवले. डावीकडे तोंड केलं. क्षणभर काहीच नाही, फक्त खेळाचं ते टुणटुण संगीत आणि कूलरची घरघर.

मग पलीकडे पलंग करकरला आणि हाक आली.

जीवनच्या हाताला घाम आला. पण उन्हाळ्यात येतोच घाम. वडील हाक मारणार हे आपल्याला आधीच कळत असणार, असं त्यानं मनाशी ठरवलं. पलंगाची करकर कानावर पडत असेल आणि बोट आपोआप ढिलं होत असेल. कॉलेजात तो मुलांना हिशेबशास्त्र शिकवायचा. प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते, ती सापडली की ताळा जुळतो, हे तो त्यांना सांगत आला होता.

संध्याकाळी त्यानं हाका काढल्या आणि चित्रफीत चढवली. दोन दिवसांनी सुगत नावाच्या एका जुन्या प्रेक्षकानं खाली लिहिलं, "सर, तुमचा माणूस मध्येच थांबून डावीकडे का बघतो? काहीतरी ऐकत असल्यासारखा वाटतो."

जीवननं ते दोनदा वाचलं. भर वर्गात चोरी पकडली जावी तसे त्याचे कान तापले. त्यानं लिहिलं, "रिमोट जुना झालाय," आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला.

हाका काढून टाकता येत होत्या. थांबणं काढून टाकता येत नव्हतं.

३

मग एका दुपारी त्यानं माइक बंद ठेवला. खेळ सुरू केला, पहिल्या टप्प्यातल्या मोकळ्या जागी कंदीलवाल्याला उभा केला आणि रिमोटची वायर उपसून काढली. रिमोट मांडीवरून खाली ठेवला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो पाहत बसला.

कंदीलवाल्याचं तोंड उजवीकडे होतं. चार ठिपक्यांचं तोंड, एका ठिपक्याचा डोळा. बराच वेळ तो हलला नाही. जीवनला स्वतःचं हसू यायला लागलं.

तेवढ्यात तो वळला.

"जीवन..." पलीकडून आवाज आला. "मले पानी दे रे. घसा सुकून राहिला."

उठायला हवं होतं. भिंतीपलीकडे बाप पाणी मागत होता आणि पाणी त्याच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर, लुळ्या हाताच्या बाजूला होतं. पण जीवन उठला नाही. पुन्हा होतं का ते त्याला पाहायचं होतं. त्यानं खेळ बंद करून पुन्हा सुरू केला, माणूस पुन्हा उभा केला, वायर पुन्हा काढली. पुन्हा तसंच झालं, आधी वळणं आणि मग हाक. तिसऱ्यांदा करून पाहिलं तेव्हा माणूस वळला, पण हाक आली नाही. भिंतीपलीकडे काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला.

तो धावला.

भगवंतराव डाव्या हातानं गादीची कड धरून अर्धे लोंबकळत होते. पेला फरशीवर पडला होता, चादर ओली होती. जीवननं त्यांना उचलून नीट निजवलं, पाणी पाजलं, चादर बदलली.

"तू कामात असशीन म्हनून जास्त आवाज नाही देल्ला," भगवंतराव म्हणाले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "पन तू असा काहून करतं रे?"

"कसा बाबा?"

"दारात येऊन उभा राह्यतं. मी बोलतो त तू काई बोलत नाही. आत ये म्हनलं त येत नाही. पाठ फिरवतं आन् निंगून जातं."

जीवननं दाराकडे पाहिलं. दारावर हिरवा पडदा होता. कूलरच्या वाऱ्यानं तो आत फुगत होता आणि पुन्हा चौकटीला चिकटत होता.

"कधी आलो मी?"

"रोजच त येतं. आता बी होता." भगवंतरावांनी डोळे मिटले. "तुह्याच घरात तुले कायची लाज रे बापू?"

जीवन त्यांचे पाय चेपत बसला. डॉक्टर म्हणालेच होते, या आजारात भास होतात. तो कितीतरी वेळ पाय चेपत होता, आणि दाराकडे पाठ करून बसायचं मात्र त्यानं टाळलं.

४

गीतांजली त्याची मोठी बहीण, अकोल्याला गोरक्षण रोडवर राहायची. ती न कळवता आली ती रविवारची सकाळ होती. वडिलांजवळ बसली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग स्वयंपाकघरात येऊन तिनं मोबाइल ओट्यावर ठेवला.

"मंजू, तूही ऐक," ती म्हणाली.

'जुनी कॅसेट'ची ती नवी चित्रफीत होती. जीवनचा पुस्तकी आवाज सांगत होता, "पुन्हा खेळताना माझं असं मत झालंय की या खेळाचा खरा आनंद एकाग्रतेत आहे. बाकी जग विसरता आलं पाहिजे." आणि त्या आवाजाच्या मागे बारीक, भिंतीआडून आलेला दुसरा आवाज होता. जीवन. ए जीवन. मग नुसतंच, ए बापा.

त्या दिवशी काढायचं राहून गेलं होतं. तो घाईत होता.

"किती वेळ हाका मारून राहिले ते, मोजलं का तुनं?" गीतांजलीचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "लोकायनं ऐकलं हे. माह्या जावेनं मले दाखवलं. म्हने, तुह्या भावाच्या मागं कोन रडून राहिलं? काय सांगू मी तिले?"

मंजुषानं गॅस बारीक केला आणि नवऱ्याकडे एकदा पाहिलं. जीवनला वाटलं, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, तो खेळ मधात थांबवता येत नाही," तो म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं आणि त्यानं मान खाली घातली.

त्याच दिवशी ती भगवंतरावांना गाडीत घालून अकोल्याला घेऊन गेली. गाडी कोपऱ्यावरून वळताना त्यांनी काचेतून डावा हात हलवला. जीवन फाटकाशी उभा होता, पण ते पाहत होते त्याच्या मागे, घराच्या दाराकडे.

त्या रात्री जीवनला गाढ झोप लागली. सकाळी जाग आल्यावर ती गाढ झोपच त्याला टोचत राहिली.

५

आठवडाभर तो मागच्या खोलीत फिरकला नाही. मग एका दुपारी गेला. चॅनेलसाठी नव्हे, माइकही लावला नाही. घर रिकामं होतं, शेजारच्या खोलीतला कूलर बंद होता. त्यानं कॅसेट लावली.

कंदीलवाला नीट चालला. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. जोडविहिरींशी आल्यावर तो थांबला आणि डावीकडे वळला.

जीवननं कान दिला. हाक येणार नव्हती. हाक मारणारा माणूस अकोल्यात होता. कंदीलवाला ऐकत उभा राहिला, कंदील किंचित उंच धरून. वटवाघूळ आलं आणि त्याच्या अंगातून आरपार निघून गेलं. जीव गेला नाही.

मग तो चालायला लागला, डावीकडे. या खेळात मागे फिरता येत नाही हे जीवन शेकडो वेळा बोलला होता. एकेक वीट मागे टाकत तो पडद्याच्या कडेपर्यंत आला. आधी कंदील कडेआड गेला, मग हात, मग तोंड. शेवटी पाठ दिसली, आणि तीही गेली. पडद्यावर दोन विहिरी राहिल्या. संगीत चालू होतं.

डाव्या भिंतीपलीकडे पलंग करकरला नाही. फक्त चौकटीला पडदा घासल्यासारखा आवाज आला, आणि कुणीतरी अनवाणी पायांनी ओसरीकडे गेलं. समोरच्या दाराची कडी वाजली.

जीवन जागचा हलला नाही. उठून बघायची त्याची हिंमत झाली नाही, हे त्यानं पुढेही कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी मंजुषा आली आणि म्हणाली, "अहो, दार सताड उघडं! झोपला होता का?"

त्यानंतर त्यानं कितीदा तरी खेळ सुरू करून पाहिला. रस्ता यायचा, विहिरी यायच्या, वटवाघळं रिकाम्या जागेवर झेपावून निघून जायची. माणूस नव्हता.

आणि अकोल्याहून गीतांजलीचे फोन येऊ लागले. पहिला फोन नुसता नवलाचा होता. बाबा म्हणतात, जीवननं पाणी पाजलं. स्वप्न पडलं असेल, पण पेला रिकामा आहे. मग फोन आला, बाबा पोटभर जेवायला लागले. मग बोटं हलायला लागली, कुणीतरी रोज दुपारी चोळून देतं म्हणे.

एक दिवस तिचा आवाज भरून आला होता. "काल मी पाह्यलं तुले. जिना उतरून राहिला होता, पाठमोरा. आवाज देल्ला, तू थांबला नाहीस. रागावला आहेस ना माह्यावर? रोज एवढ्या उन्हात अमरावतीहून येतं अन् तोंड न दाखवता जातं. मी लय बोलली रे तुले त्या दिवशी. मनावर नको घेऊ."

हीच वेळ होती. ताई, तो मी नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. फोन स्पीकरवर होता, मंजुषा समोर बसून ऐकत होती आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"राहू दे ताई," जीवन म्हणाला. "माहं कामच आहे ते."

फोन ठेवल्यावर मंजुषानं त्याच्या पुढ्यात चहा ठेवला, शेजारी बिस्किटं ठेवली. त्याला ती गिळवेनात.

६

अखेर त्यानं कॉलेजातून रजा घेतली आणि अकोल्याची बस धरली. भीती होती, पण तिच्यापेक्षा लाज मोठी होती. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता आणि तो मनात एकच ठरवत होता. सरळ आत जायचं, बाबांच्या जवळ बसायचं, आपल्या हातानं पाणी पाजायचं. बाकी काही असो नसो. स्टँडबाहेर त्यानं एक टरबूज घेतलं. बाबांना टरबूज आवडायचं.

गीतांजलीचं घर वरच्या मजल्यावर होतं. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, भांडं वाजलं. बाबांची खोली डाव्या हाताला होती. जीवननं चपला बाहेर काढल्या आणि पिशवी सांभाळत दारापर्यंत गेला.

खोलीत पडदे ओढलेले होते. भगवंतराव उशांना टेकून बसले होते, तोंडावर तेज आलेलं होतं. पलंगाशेजारी स्टुलावर दाराकडे पाठ करून कुणीतरी बसलं होतं. जीवनचा निळ्या चौकडीचा सदरा, तो सदरा आत्ता जीवनच्याच अंगात होता. डोक्यामागचं टक्कल, जे जीवननं फक्त फोटोत पाहिलं होतं. एका हातानं ते भगवंतरावांचा लुळा तळवा चोळत होतं, अगदी हलके, बोट न् बोट. तिथं घाई कसलीच नव्हती. ते पाहताना जीवनच्या मनात आधी भीती आली नाही. इतकं हळुवार आपण कधी कुणाला हात लावला का, असंच आधी मनात आलं.

भगवंतरावांनी मान उचलली. डोळे बारीक करून ते दाराकडे पाहू लागले. जीवनच्या तोंडावर उजेड नव्हता, तो पाठीमागून येत होता.

"दारात कोन उभं हाये रे?" त्यांनी विचारलं.

स्टुलावरचं डोकं किंचित वळलं. गालाची कड दिसली, कानाची पाळी दिसली, आणि त्याच्या पुढे जिथं डोळा असायला हवा तिथं जीवननं पाहिलं नाही. त्यानं नजर खाली, फरशीवर टाकली.

"कोनी नाही बाबा," जीवनच्या आवाजात ते म्हणालं. "तुमी पानी प्या."

पाणी घशाखाली उतरल्याचा आवाज आला. एक घोट, मग दुसरा. समाधानानं सोडलेला श्वास ऐकू आला.

आत जायला दोन पावलं पुरली असती. बाबा, मी जीवन, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. त्यानं तोंड उघडलंही. पण विचारलं असतं त्यांनी, की तू जीवन तर मग हा कोण, तर काय सांगणार होता तो? हात चोळून देणारा जीवन, की हाका पुसून टाकणारा? पिशवीचा बंद बोटांत रुतला होता. आवाज होऊ नये अशा बेतानं तो एकेक पाऊल मागे सरकला, बाहेर आला आणि वाकून चपला शोधू लागला.

"आज दिसला बापा एकदाचा!" गीतांजली ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आली. चेहरा फुललेला होता. ट्रेमध्ये दोन कप होते. "चहा आतच आनत होती, तुले अन् बाबाले. आता बाहेर कुठी निंगाला?"

जीवननं टरबुजाची पिशवी तिच्या पायाशी ठेवली. खोलीत भगवंतराव कशावर तरी खळखळून हसले, आणि त्यांच्या हसण्यात दुसरं एक हसणं मिसळलं.

"तू ने आत," तो म्हणाला. "थंड होईन."

ती आत गेली. जिना उतरताना त्याला तिचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखा, काही वेगळं नसल्यासारखा: "घे रे जीवन."